इंजिनाची खांदशेकणी

नऊ वर्षं मी माईकवरून एक खोटं बोलत होतो. ते खोटं आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त एका माणसाला, आणि माईक नेमका त्याच्याच हातात होता.

आमच्या गावाचं नाव सिंदी, आणि नावापुढे कंसात रेल्वे. दुसऱ्या गावांना किल्ले असतात, नद्या असतात. आम्हाला कंस आहे. ही कंसातली रेल्वे घरात आणावी असं मला चाळिशी ओलांडल्यावर वाटलं. शाळेने मोडीत काढलेलं टेबल टेनिसचं टेबल मी वरच्या खोलीत चढवलं आणि त्यावर रूळ अंथरले. एक पूल केला, एक बोगदा केला, एक स्टेशन केलं. स्टेशनच्या पाटीवर कंस काढायला विसरलो नाही. मेव्हण्याने परदेशातून येताना इंजिन आणलं. डिझेलचं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं, बरोबर वीतभर लांब.

मी मराठीचा मास्तर. पण गावात कबड्डीचे सामने असोत, कुणाचा निरोप समारंभ असो की लग्नाचं रिसेप्शन, माईक माझ्याकडे येतो. खरं सांगायचं तर तो येत नाही, मीच त्याच्याकडे जातो. घरात एक छोटा स्पीकर आणि माईक कायमचा आहे. लोकांच्या घरी पाट असतो, तसा.

आता, असं वीतभर इंजिन चालतं कसं हे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा दगाफटका त्याच्यावरच उभा आहे. वीज रुळांतून येते. रुळांतून चाकांत, चाकांतून बारीक पितळी तारांच्या वाटेने मोटरीत. या वाटेवर एका जागी जरी मळ बसला तरी इंजिन थांबतं. आणि सिंदीत मळ म्हणजे कापूस. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की रुईचं तूस हवेत तरंगत असतं. खिडकी लावली तरी फटीतून येतं, रुळांवर बसतं आणि चाकांच्या दांड्यांना असं गुंडाळतं, जसं चरख्यावर सूत. रूळ स्पिरिटने पुसावे लागतात. दांड्यांवरचं तूस चिमट्याने ओढून काढावं लागतं. हे सगळं मी मन लावून करत होतो. माझं एकच चुकत होतं. मी तेलाचा माणूस आहे.

दार कुरकुरलं, तेल. सायकल कुरकुरली, तेल. इंजिन कुरकुरत नव्हतं, पण कुरकुरलं तर, म्हणून तेल. शिलाई मशीनच्या तेलाची नळीवाली बाटली मी दर रविवारी इंजिनाच्या पोटाखाली धरायचो आणि मनात म्हणायचो, पी बाबा, पोटभर पी.

पाचव्या महिन्यात इंजिन पुलावर थांबलं ते थांबलंच. कुणीतरी म्हणालं, मागच्या गल्लीतल्या फिटरभाऊंना बोलवा.

फिटरभाऊ मूळचे आंजीचे. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये जन्म काढून निवृत्त झालेले, आणि आमच्या मागच्या गल्लीत घर बांधून राहिलेले. माझ्यापेक्षा अठरा-वीस वर्षांनी मोठे. बोलणं कमी आणि तेही हळू. आयुष्यभर इंजिनांच्या आवाजात राहिलेला माणूस मोठ्याने बोलेल असं आपल्याला वाटतं. पण त्यांचं म्हणणं असं की त्या आवाजात ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून माणूस ओरडणंच सोडून देतो.

त्यांनी खिशातून बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली, आणि मला वीज सोडायला सांगितलं. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं ऐकलं. मग म्हणाले, "उपाशी नाई हाय हे. याले अपचन झालं."

इंजिन उघडून त्यांनी मला आत दाखवलं. मोटर तेलात पोहत होती.

"तेल कोनं टाकलं एवढं?"

मी म्हणालो, मीच, दर रविवारी.

"इंजन हाय का वडा?" फिटरभाऊ म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. तेल सुईच्या टोकावर राहील एवढंच, वर्षातून एकदा किंवा दोनदा. जास्त टाकलं तर ते चाकांवर उतरतं, चाकांवरून रुळांवर जातं, तिथे तूस धरून ठेवतं, आणि मोटरीतल्या कार्बनपर्यंत, म्हणजे फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तुकड्यांपर्यंत, पोचलं तर मोटर तापून जळते. मी मान डोलावली. मान डोलावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे मी वर्गात पोरांना रोज सांगतो. दोन रविवार मी हात आवरला. तिसऱ्या रविवारी इंजिन मला फार तहानलेलं दिसलं.

त्या वर्षापासून आमची एक रीत पडली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे हळद-तुपाने पळसाच्या पानांनी शेकतात, आणि बैलाच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन म्हणजे निमंत्रण. दुसऱ्या दिवशी पोळा, त्या दिवशी बैलाला कुणी कामाला जुंपत नाही. तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दिवशी लहान पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून घरोघर ओढत नेतात आणि घरोघर त्यांना खाऊ, भेट असं काहीतरी मिळतं, त्याला बोजारा म्हणतात.

आम्हाला बैल नाहीत. शेत कधीच भावाकडे गेलं. मी म्हटलं, इंजिन आहे ना, तेही ओढतंच की. तेव्हा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही इंजिनाची खांदशेकणी सुरू केली. पळसाच्या पानाने हळदीचा ठिपका छपराला लावायचा आणि त्याच्या कानात, म्हणजे खिडकीत, आवतन द्यायचं, हे माझं काम. ते उलटं करून, चार स्क्रू काढून, आतलं सगळं साफ करायचं, हे फिटरभाऊंचं. मी तेव्हा बघतच असायचो. पण बोलता बोलता माणूस बघतो, त्याला बघणं म्हणत नाहीत.

आणि मग तान्हा पोळा. दहा-दहा पोरांची तुकडी नंदी काखेत घेऊन जिना चढून येणार, गाडी स्टेशनवरून सुटणार, बोगद्यातून, पुलावरून वळसा घेणार आणि उघड्या डब्यातून प्रत्येकाच्या पुढे चिक्कीचा तुकडा आणून थांबणार. गावभर गाजलेला बोजारा होता तो. आया-बाया पोरांना कडेवर घेऊन यायच्या, म्हातारे यायचे. मी माईकवर असायचो. प्रत्येक तुकडीला एक वाक्य ठरलेलं: "मंडळी, या इंजिनाची मूळ मोटर आजतागायत बदललेली नाही. हा केवळ निगराणीचा महिमा आहे." माईकवर मी शुद्ध बोलतो. टाळ्या पडायच्या. कोपऱ्यात वीज कमी-जास्त करण्याच्या बटणापाशी फिटरभाऊ उभे असायचे, खाली बघत.

गेल्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्यानंतर इंजिनाने माझ्याशी वागणं बदललं. सुटताना अडखळायचं. पुलावर श्वास घ्यायला थांबायचं. मी रूळ पुसले, तूस काढलं, रुळांचे सांधे आवळले आणि अर्थातच तेल दिलं. फिटरभाऊंना म्हटलं या, तर म्हणाले, गुडघा दुखून राह्यला. दिवाळीला गुडघा, संक्रांतीला गुडघा. मी गुडघ्यावर विश्वास ठेवला.

यंदा खांदशेकणीच्या संध्याकाळी मी वाटीत हळद कालवून बसलो. पळसाचं पान आणलं. फिटरभाऊ आले नाहीत. दिवे लागले. फोन वाजून वाजून बंद झाला. बायको खाली उद्याची डाळ निवडत होती. तिला विचारलं तर म्हणाली, असन काही काम. मी एकट्यानेच ठिपका लावला, आवतन दिलं, आणि परवा ऐंशी पोरं येणार या धास्तीने इंजिन उलटं केलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते चार स्क्रू मी स्वतः काढले.

कवच उचललं आणि मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं इंजिन उघडलं.

आतली मोटर ती नव्हती. मूळची काळी आणि लांबुळकी होती, माहितीपत्रकात तिचा फोटो आहे. ही चपटी, चकचकीत, बाजूला निळी चिठ्ठी चिकटवलेली. दांड्यावर एक पितळी फिरकी, आणि त्या पितळावर अर्ध्या फुलाची नक्षी. ती नक्षी मी ओळखली. आमच्या अंगणातला जुना नळ बदलला तेव्हा त्याच्या तोटीवर ती होती. चाकांना टेकलेल्या तारा बघितल्या. बारीक, पिवळ्या, जरा वळ्या पडलेल्या. मुलगी शिकायला गेली तेव्हा तिच्या गिटारच्या जाड तारा तुटल्या म्हणून मी हळहळलो होतो. तुटल्या नव्हत्या. त्यांच्यावर गुंडाळलेली पितळी तार कुणीतरी हळूच उलगडून काढली होती.

आणि कवचाच्या आतल्या बाजूला, छपराखाली, घडी घातलेली कागदाची पट्टी. फिटरभाऊ एकदा म्हणाले होते की शेडमध्ये इंजिनाला हात लावला की नोंद करावीच लागते, नाहीतर केलेलं काम केलंच नाही असं धरतात. पट्टी उलगडली. पेन्सिलीने, बारीक अक्षरात:

दिवाळी. मास्तरचं तेल काढलं.

संक्रांत. मास्तरचं तेल काढलं.

होळी. मोटर जळाली. दुसरी टाकली. मास्तरले सांगतलं. मास्तर हासले.

आखाडी. मास्तरचं तेल काढलं.

पुढे ओळीमागून ओळ तेच. नऊ वर्षं माझं तेल निघत होतं. मधूनमधून तारा बदलल्याची नोंद, फिरकी बसवल्याची नोंद. शेवटची ओळ गेल्या वर्षीची. तान्हा पोळा. आणि पुढे एकच शब्द: हेल्पर. त्यानंतर काहीच नाही, वर्षभर कोरं.

मी बायकोला हाक मारली. ती जिन्यात आली, सुपातली डाळ तशीच घेऊन, आणि उघडलेल्या इंजिनाकडे बघून म्हणाली, "उघडलं वाटते शेवटी."

"ही मोटर कुठली?"

"तुमच्या जुन्या कंप्युटरची. सीडी घालाच्या खणातली. भंगारवाल्याले देला म्हनून सांगतलं होतं तुमाले, थे खोटं होतं."

"तुला माहीत होतं?"

"चावी कोन देत होतं त्यायले? तुमी शाळेत गेले का येत. चहा घेत, तुमचं तेल पुसत अन् जात."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर इंजिनाचं कवच होतं. मी उभ्यानेच म्हणालो, "मंग मले काऊन नाई सांगतलं कोनं?"

"सांगतलं ना त्यायनं. मी तिथंच होती. तुमी त्याची गोठ केली."

आणि ते मला आठवलं. होळीच्या दिवशी अंगणात फिटरभाऊ म्हणाले होते, मास्तर, मोटर जळाली होती, मी दुसरी टाकली. मी खदखदून हसलो होतो. इंजिन तर वर पळत होतं. संध्याकाळी चौकात हास्यकवींचं संमेलन होतं, माईक माझ्याकडे होता, आणि मी तो किस्सा रंगवून सांगितला. आमचे फिटरभाऊ म्हणे पळत्या इंजिनाची मोटर जळाली म्हणतात, निवृत्त माणसाला कामाची अशी हौस असते की नसलेली दुरुस्तीही करतो. चौक हसला होता. फिटरभाऊ तिसऱ्या रांगेत होते.

"गावात आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"इचारा कोनाले नाई ते," बायको म्हणाली आणि डाळ घेऊन खाली गेली. पायरीवरून पुन्हा वळली. "पन हेल्परचं मले नाई माईत. ते तुमी त्यायलेच इचारा."

पोळ्याच्या सकाळी मी पट्टी खिशात घालून फिटरभाऊंकडे गेलो. रस्त्यात बैल धुऊन चालले होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आणि सगळे असे ऐटीत की त्यांना उद्याचं काहीच माहीत नव्हतं. फिटरभाऊ अंगणात खाटेवर भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. त्यांच्या घरच्यांनी मला खुर्ची दिली. मी पट्टी त्यांच्यापुढे ठेवली आणि भाषण केलं. चांगलं झालं, असं मला बोलतानाच वाटलं. विश्वास, मैत्री, नऊ वर्षं, माझ्याच घरात, माझ्याच चावीने, माझ्याच नळाच्या पितळेने. दगा हा शब्द मी तीनदा वापरला. ते घड्याळाचा एक स्क्रू सोडवत राहिले.

"झालं?"

"झालं."

"आता मी सांगतो. आज तुमच्या हातात माईक नाई म्हनून सांगतो." घड्याळाचा स्क्रू त्यांनी बशीत ठेवला. "मागच्या सालच्या तान्ह्या पोळ्याले तुमी माह्याकडं बोट केलं अन् म्हनले, हे माझे हेल्पर."

मी म्हणालो, प्रेमाने म्हटलं असेल. खरंच प्रेमाने म्हटलं होतं. इंग्रजी शब्द आहे, बरा दिसतो.

"शेडमध्ये हेल्पर कोन, माईत हाय? जो फिटरचा पाना धरते. हात पुसाले फडकं देते. वहीत सही कराचा त्याले पावर नसते. मी बारा वर्षं हेल्पर होतो, मास्तर. मंग परीक्षा देली, दोनदा नापास झालो, अन् फिटर झालो. तुमी एका शब्दात मले बारा वर्षं मागं पाठोलं. अन् पोट्टे टाळ्या वाजवून राह्यले होते."

मी म्हणालो, "मग माझं खोटं तरी थांबवायचं होतं. नऊ वर्षं मला तोंडघशी पाडलं तुम्ही."

"तुमी खोटं बोलून राह्यले होते, पन मजेत होते. इंजनबी मजेत होतं. कोनाले थांबवू?"

मी पट्टीची घडी घातली. उगाच म्हणालो, उद्या तान्हा पोळा आहे.

"हाव, माईत हाय." त्यांनी घड्याळ पुन्हा मांडीवर घेतलं. "काल इंजनाले आवतन देलं?"

दिलं, म्हणालो.

"दरसाल देता. त्या पत्र्याच्या कानात वाकून देता. मी बाजूले उभा राहतो." मग म्हणाले, "नऊ साल बिनआवतनाचा येत होतो मी तुमच्या घरी."

तेव्हाच, त्या खुर्चीवरच, चार शब्द बोलून मोकळं व्हायला हवं होतं. पण मी रुसायला गेलो होतो, आणि रुसायला आलेला माणूस दुसऱ्याच्या रुसव्यात अडकला की त्याला उठताही येत नाही आणि बसताही. मी उठलो. बैलांच्या मागे मागे घरी आलो.

त्या दिवशी दुपारभर मी एकट्याने इंजिन साफ केलं. स्पिरिटने तारा पुसल्या, दांड्यांचं तूस चिमट्याने काढलं, पट्टी जिथली तिथे ठेवली, चार स्क्रू आवळले. इंजिन घरंगळत छान निघालं. मी खूश झालो. आणि मग, देवाशपथ, विचार न करता, हाताने आपण होऊन बाटली उचलली. चारच थेंब. फार तर पाच.

तान्ह्या पोळ्याला दोन तुकड्या सुरळीत गेल्या. नंदी आले, चिक्की गेली. तिसऱ्या तुकडीला खोली खच्चून भरली, दारात बाया, जिन्यात म्हातारे, आणि माझं ते वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. मी ठरवलं, आज खरं सांगायचं. चांगला मोठा श्वास घेतला. आवाज खाली आणला. "मंडळी, आज मी आपल्यासमोर एक सत्य उघड करणार आहे. या इंजिनाची मोटर मूळची नाही. ती जळाली होती, माझ्या हातून. नवी मोटर बसवली ती फिटरभाऊंनी."

मी थांबलो. अशा जागी खोली हबकते. निदान एखादी बाई तोंडाला पदर लावते.

पोर कडेवर घेतलेली एक बाई म्हणाली, "थे माईत हाय, मास्तर. गाडी सोडा, पोट्टं रडून राह्यलं."

दारातल्या म्हाताऱ्याने शेजारच्याला समजावलं, "त्याच्यात मास्तरच्या नळाच्या तोटीचं पितळ हाय."

शेजारचा म्हणाला, "मले कोन सांगून राह्यला? तोटी म्याच तं काढली होती."

मी गाडी सोडली. सोडण्याशिवाय काही उरलं नव्हतं. ती स्टेशनवरून निघाली, बोगद्यातून बाहेर आली, पुलावर चढली आणि थांबली. मी वीज वाढवली. चाकं थरथरली आणि जळका वास आला. वीज बंद केली. बोटाने ढकलून पाहिलं. बोटाला तेल लागलं. उघड्या डब्यात चिक्कीचे दहा तुकडे पुलाच्या मधोमध उभे होते, आणि दहा पोरं नंदी काखेत घेऊन त्यांच्याकडे बघत होती. एका पोरीने विचारलं, "मास्तर, आज काऊन थांबली?"

माईक माझ्या हातात होता. त्यातून माझा आवाज आला तो माईकवरचा नव्हता.

"म्या तेल टाकलं म्हनून थांबली."

मग मी एक गोष्ट केली जी ठरवली नव्हती. मागच्या गल्लीकडची खिडकी उघडली, स्पीकर तिकडे तोंड करून ठेवला आणि बोललो. "फिटरभाऊ, मी मास्तर बोलून राह्यलो. खांदशेकणीच्या दिवशी द्याचं आवतन राह्यलं होतं, थे आज देतो. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सगळी पोरं जिन्याकडे बघायला लागली. मीही बघितलं. खालून कुणीच आलं नाही. बराच वेळ बघून झाल्यावर मी चिक्कीचे तुकडे हातानेच वाटले, त्या तुकडीला आणि पुढच्या सगळ्या तुकड्यांना. माईक बंद करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको पानं मांडत असताना दारात फिटरभाऊ उभे. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात तो स्क्रू ड्रायव्हर. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "उद्या म्हनलं होतं ना तुमी?"

ते जेवले. बायकोने वडे केले होते. त्यांनी एक वडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "याले पाह्यजे तेल." बस, जेवताना एवढंच.

वर गेल्यावर त्यांनी इंजिनाला कान लावला, नकारार्थी मान हलवली, ते उलटं केलं. स्क्रू काढायच्या आधी माझ्यापुढे हात पसरला. "बाटली."

मी ड्रॉवरमधली बाटली दिली. हात तसाच पसरलेला राहिला. मी म्हणालो, एवढीच आहे. जिन्यावर पाय वाजले. बायको वर आली, पुस्तकांच्या कपाटाशी गेली, जाड शब्दकोशाच्या मागे हात घातला, दुसरी बाटली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवून खाली गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दगा झाला हे माझं मत आजही कायम आहे. फक्त कुणी कुणाला दिला, याचा हिशोब मी आता माईकवर मांडत नाही.

मोटर जळाली नव्हती. कार्बनपर्यंत तेल गेलं होतं, तिथे तूस चिकटून काळी लगदी झाली होती. त्यांनी ती सुईने काढली, स्पिरिटचा कापूस फिरवला, फुंकर मारली. तारा टोकाने जरा वाकवल्या. वीज दिली, मोटर गुणगुणली. मग पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली आणि वर पेन्सिल.

"लिव्हा."

"काय लिहू?"

"काय झालं थे."

मी लिहिलं: तान्हा पोळा. इंजिन थांबलं. तेल मास्तरचं. आवतन दिलं, उशिरा दिलं. आणि खाली सही म्हणून मी एक शब्द लिहिला: हेल्पर. नऊ वर्षांतलं ते माझं सगळ्यात चांगलं वाक्य होतं असं मला वाटलं, आणि मी त्याच्या परिणामाची वाट बघत उभा राहिलो.

फिटरभाऊंनी पट्टी लांब धरून वाचली. पेन्सिल घेतली आणि माझी सही एका रेघेने कापली.

"हेल्परले सही कराचा पावर नसते," ते म्हणाले, आणि खाली स्वतःची सही केली. सहीखाली हुद्दा लिहिला, फिटर. पट्टीची घडी घालून छपराखाली ठेवली, कवच बसवलं, आणि टेबलावरचे चार स्क्रू उचलून माझ्या तळहातावर ठेवले.

"धरा."

मी धरले. ते एकेक उचलत होते, आवळत होते, पुन्हा हात पुढे करत होते. चौथा स्क्रू जाईपर्यंत मी हात हलवला नाही, आणि तोंडही उघडलं नाही.